अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी

जिल्ह्याच्या आमच्या खो-खो संघटनेची वार्षिक सभा नाशिक रोडच्या एका शाळेत भरायची. गणसंख्या पंचवीस, येणारे आठ-दहा. म्हणून नोटिशीतच छापलेलं असे: सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल, तेव्हा गणसंख्येची अट राहणार नाही. मुलगी खेळायची म्हणून मी सभासद झालो होतो. त्या अर्ध्या तासात आम्ही वडापाव खायचो.

नव्वदीच्या अखेरीस सरकारने अट घातली. मान्यता टिकवायची, तर खेळाडूंच्या तक्रारी सरकारी निरीक्षकासमोर सभेत ऐकायच्या. त्या वर्षी मालेगावकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली. निवड चाचणीत सर्वांत जास्त गडी तिने बाद केले होते. संघात नाव लागलं सचिवांच्या पुतणीचं. वयोमर्यादेमुळे राज्य स्पर्धेची तिची ही शेवटची संधी होती.

"गणसंख्या नाही. सभा तहकूब," सचिव म्हणाले.

बाप-लेक जिना उतरू लागले. मी मागे गेलो.

"आबा, निघालात कुठे?"

"व्हई गई ना सभा. आमनी एसटी शे."

"झाली नाही. अर्ध्या तासाने पुन्हा भरते. थांबा."

मुलगी आधी वळली.

वर सचिव हसत होते. "अहो, जाऊ द्यायचं ना त्यांना. गाडी चुकेल बिचाऱ्यांची."

निरीक्षक सज्जन होते. त्यांनी तक्रार मोठ्याने वाचली, तिला सावकाश बोलू दिलं, मग मतं घेतली. निवड कायम ठेवावी म्हणून सात हात वर झाले. विरोधात मी आणि एक निवृत्त क्रीडाशिक्षक. मागे दाराशी उभ्या त्या मुलीनेही हात वर केला होता.

"हात खाली घे पोरी," सचिव म्हणाले. "तू सभासद नाहीस."

"माहीत आहे."

हात तसाच राहिला. निरीक्षकांनी पेन थांबवलं, तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं: सात विरुद्ध दोन.

त्या संध्याकाळची एकेक पायरी मी किती वेळा तपासली आहे. नियमाबाहेरचं काहीच सापडत नाही. मी थांबवलं नसतं तर त्यांना एसटी तरी मिळाली असती.

हल्ली आमच्या सोसायटीच्या सभेत हात मोजायचं काम माझ्याकडे असतं. मी खुर्च्यांच्या रांगांवरून मोजत जातो. दाराकडे बघत नाही.