दोघींपुरता लझान्या

आमच्या ओळीतलं शेवटचं घर चांगुणाचं. सिडकोची ती एका खोलीची घरं तेव्हा नवीकोरी होती. भिंतींना ओल्या चुन्याचा वास यायचा आणि मागे अंबडपर्यंत नुसता माळ. दुपारी वारा सुटला की सगळं गवत एका अंगाला झोपायचं, जसं कुणी झोपलेल्या लेकराच्या केसांतून हात फिरवावा. त्या घरात चांगुणा आणि तिची सासू सखूबाई अशा दोघीच राहायच्या.

दोघीच, पण भाकरी मात्र आठ. सटाण्याकडच्या एकत्र घरात चांगुणा नांदायला आली तेव्हापासून तिच्या हाताला आठाची सवय. नवरा चंदर अंबडच्या कारखान्यात टर्नर झाला म्हणून दोघं नाशकात आली, मागून सासू आली. ब्याऐंशी साली चंदर काविळीनं गेला. तरी परातीत पीठ पडायचं ते आठांचंच. उरलेल्या भाकरी माझ्या कोंबड्यांना. कोंबड्या इतक्या माजल्या की संध्याकाळी त्यांना टोपलीत उडी मारता येईना, मलाच एकेकीला उचलून आत ठेवावं लागे.

मी म्हणायची, "चांगुणा, कमी थाप गं."

"काकू, पीठ घेतलं की हात थांबतच नाही."

सखूबाई त्या आठांतली जेमतेम अर्धी भाकरी खायची, तीही खाटेवर भिंतीकडे तोंड करून. ही बाई एके काळी मांडे करण्यात नावाजलेली. तिकडे लग्न निघालं की मुहूर्ताच्या आधी सखूबाईला निरोप जायचा. नाशकाला येताना तिनं आपलं खापर, म्हणजे मांडे भाजायचं ते मातीचं पालथं भांडं, एसटीत मांडीवर घेऊन आणलं होतं. चंदर गेला आणि ते खापर पोत्यात गुंडाळून खाटेखाली गेलं. पुन्हा बाहेर आलं नाही.

चांगुणा एका कारखान्याच्या पाहुणेघरात स्वयंपाकाला लागली. चौऱ्याऐंशीत तिथे मशीन बसवायला इटलीहून एक म्हातारे साहेब आले. त्यांचं नाव पावलो, पण पाहुणेघरात सगळे पावलूसाहेब म्हणत. माणूस एकटा, बायको वारलेली. रविवारी ते स्वतः चुलीशी उभे राहायचे आणि पावाच्या एका लांबट डब्यात थरावर थर लावून काहीतरी भाजायचे. चांगुणा कांदा चिरून द्यायची. तिला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना हिची. तरी दोघांचं बरं चाले. कांदा बारीक पाहिजे असेल तर ते डोळे बारीक करायचे.

एकदा तिनं हातानंच विचारलं, एकट्यासाठी एवढा खटाटोप कशाला? चार थर कमी करा की. साहेबांनी मोठं पातेलं उचललं आणि बाजूला ठेवलं. मग तो लहानसा डबा उचलून दाखवला. मग एकेक बोट उघडत थर मोजले. एक, दोन, तीन... सात. सातच्या सात.

"काकू, मला कळलं ते," चांगुणा मला सांगत होती, आम्ही कपडे वाळत घालत होतो तेव्हा. "घर लहान झालं तर भांडं लहान घ्यायचं. थर कमी नाही करायचे."

साहेब परत गेले तेव्हा जाताना तिला तो डबा आणि एक चीजचा टिन देऊन गेले. तिनं दोन्ही फडताळात वर ठेवून दिले, देवाच्या वस्तू ठेवाव्यात तसे.

पुढं पंच्याऐंशीच्या माघात सखूबाईच्या भाच्याचं पोस्टकार्ड आलं. पुंजाराम त्याचं नाव, सटाण्याला राहायचा. येत्या रविवारी दुपारच्या गाडीनं आत्याला न्यायला येतो, कायमचं. सखूबाईनंच त्याला लिहून बोलावलं होतं.

"दोन बायासनं घर ऱ्हास का?" ती तिच्या अहिराणीत मला म्हणाली, म्हणजे दोन बायांचं कुठं घर असतं का. "हाई धरमशाळा शे, सुमन. चुलीपुढे बसाले माणसं लागतस."

आता सासू गेली तर चांगुणा एकटी. तिचा भाऊ तिला एकटीला राहू देणार नव्हता, त्यानं तसं बजावलंही होतं. म्हणजे खोली सुटणार, नोकरी सुटणार. आणि खरं सांगायचं तर सासूच सुटणार, हेच तिला लागलं होतं. चंदरची आठवण येणारं दुसरं माणूस जगात तेवढंच.

"मग थांबा म्हण ना तिला," मी म्हटलं.

"म्हणायला तोंड उघडते काकू, आणि बाहेर पडतं, आत्याबाई, चहा टाकू का?"

रविवारी सकाळी तिनं फडताळातून डबा काढला. माझ्याकडून जाड बुडाचं पातेलं नेलं आणि बरोबर मलाही नेलं. पातेल्यात चार बोटं कोरडी वाळू घालून स्टोवर तापायला ठेवली. तीच आमची भट्टी. पावशेर खिमा कांदा-लसणावर परतला, गिरणाऱ्याचे लाल टोमॅटो घालून घट्ट शिजवला. साहेब बाटलीतला कसलासा पाला चुरडून टाकायचे. हिनं ओवा चोळून टाकला, वास पुष्कळ जवळ गेला. दुसरीकडे लोण्यावर दोन चमचे मैदा परतून त्यात दूध ओतत ओतत गुठळी न होऊ देता ढवळलं, पातळ पिठल्याइतकं. इथवर सगळं झकास.

पण थरांच्या पोळ्या जमेनात. साहेबांच्या पोळ्या परदेशातून खोक्यात यायच्या. हिनं कणीक लाटली, पट्ट्या कापल्या, उकळत्या पाण्यात टाकल्या. बाहेर आल्या त्या फुगून.

खाटेवर गाठोडं बांधून बसलेली सखूबाई तेवढ्यात वळली. कितीतरी महिन्यांनी तिनं चुलीकडे तोंड केलं होतं.

"हाई काय शे?"

"लझान्या, आत्याबाई. थरांचा असतो."

"हाऊ थर शे? हाऊ तं जोडाना तळ शे!"

बुटाचा तळ म्हणे! मी पदरात तोंड घातलं. चांगुणानं मान खाली घातली आणि दुसरा गोळा घेतला. तोही जाडच लाटायला लागली. तिनं मुद्दाम जाड लाटलं की काय, हे मी तिला कधी विचारलं नाही. सखूबाईला ते बघवेना.

"सोड. कणिक दे आठे." तिनं हात पुढे केला.

तिनं बांधलेलं गाठोडं सोडलं. पोतं उलगडलं. खापर बाहेर आलं, काळंभोर, एका कडेला जुनी चीर. माझ्याकडचा दुसरा स्टो आणला, त्यावर ते पालथं ठेवलं. तिनं कणीक तेलपाणी लावून पुन्हा मळली, आपटली, ताणली, इतकी की ती बोटांतून ओघळायला लागली. मग एक गोळा दोन्ही हातांवर घेतला आणि झुलवायला सुरुवात केली.

मी ते आयुष्यात विसरायची नाही. खिडकीतून माघाचं ऊन येत होतं. गोळ्याची पोळी झाली, पोळीचं ओढणीसारखं काहीतरी झालं, ते तिच्या कोपरापर्यंत आलं, हवेत गेलं, परत आलं. एका क्षणी त्यातून आरपार मला खिडकीचे गज दिसले, मागचा माळ दिसला, वाऱ्यानं झोपलेलं गवत दिसलं. सगळं दुधाच्या सायीतून दिसावं तसं. स्टोची घरघरसुद्धा लांब गेल्यासारखी वाटली, जणू दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुणाच्या लग्नात पेटलेला. मग फस्स करून पोळी खापरावर पडली आणि आम्ही तिघी परत सिडकोत आलो.

आता गंमत अशी की, लग्नघरच्या सवयीचा हात तो. मांडा झाला हातभर रुंद आणि डबा वीतभर. चांगुणानं सुरी उचलली.

"ए! मांडाले सुरी नही लावतस!" सखूबाई ओरडली. मांडा घडी घालायचा, कापायचा नाही, हा तिच्या माहेरचा रिवाज. सुरी लावली की घर तुटतं म्हणे.

"मग एवढा मोठा मावणार कसा, आत्याबाई?"

सखूबाईनं मांडा डब्यात अंथरला, कडा चारी बाजूंनी बाहेर लोंबत ठेवून. "घाल तुनं काय ते."

चांगुणानं खिमा पसरला, वर दुधाचा रस्सा, वर किसलेलं चीज. सखूबाईनं एक कड आत घडी केली. पुन्हा खिमा, पुन्हा रस्सा. दुसरी कड आत. असं एक भरायची, एक दुमडायची. कडा संपल्या तेव्हा पाच थर झाले होते; वर दुसरा लहानसा मांडा दुहेरी घालून सात, आणि एकही तुकडा नाही. शेवटी चीज. डबा तापल्या वाळूत, वर झाकण, झाकणावर माझ्या शेगडीतले निखारे.

पाऊण तास तिघी नुसत्या बसून होतो. वास आधी दुधाचा आला, मग टोमॅटोचा, मग काहीतरी खरपूस, ओळखीचं आणि अनोळखी. सखूबाईचे डोळे मिटलेले. तशीच म्हणाली, "मना चंदरले साय लागलेली आवडे. तळनी."

"मला माहीत आहे," चांगुणा म्हणाली. "पातेल्याच्या तळाची मी रोज ठेवायची त्याला."

एवढंच बोलल्या. पण चंदरचं नाव त्या घरात तो गेल्यापासून पहिल्यांदा घेतलं गेलं.

डबा निघाला. सुरीचा प्रश्नच नव्हता. उलथन्यानं दोन वाटे केले. बरोबर दोघींपुरते, वर कणभर नाही. सखूबाई भिंतीकडे तोंड करून बसली नाही. पहिला घास घेऊन म्हणाली, "मीठ कमी शे." आणि दुसरा घेतला.

तेवढ्यात दारात पुंजाराम. घामाघूम, हातात पिशवी. "आत्या, झाली का तयारी? साडेतीनची गाडी आहे."

दोघींनी आपापल्या ताटातला एकेक घास काढून त्याला वाढला. त्यानं तो खाल्ला, बोटं चाटली आणि गाठोड्याकडे बघितलं. ते उघडंच होतं. "चल ना आत्या. खापर बांधतो मी."

सखूबाईनं खापराला हात लावून बघितला आणि झटक्यात मागे घेतला.

"तपेल शे," ती म्हणाली. "तपेल खापर बांधतस का? फुटी जाई."

"निवेल की तासाभरात."

सखूबाईनं चांगुणाकडे बघितलं. "कणिक उरनी शे का व, चांगुणा?"

चांगुणानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता चहाच निघतो. पण ती म्हणाली, "आहे, आत्याबाई. थांबा, देते."

आणि सखूबाईनं स्टोला पंप मारला.

पुंजाराम साडेतीनच्या गाडीनं एकटाच गेला. पुढे तो वर्षातून दोनदा यायचा आणि दर वेळी नेमकं खापर तापलेलं असायचं. सखूबाई होती तोवर, सहा वर्षं, हे असंच. रविवारी वास सुटला की ओळीतली पोरं विचारायची, आज काय, आणि सखूबाई सांगायची, "थर शे." कितीही मागितलं तरी डबा मात्र तोच लहान. मला चमचाभर मिळे, तोही खापराचं कौतुक केल्यावर.

भाकरी तीनावर आल्या. माझ्या कोंबड्या हळूहळू हलक्या झाल्या आणि संध्याकाळी पुन्हा आपल्या आपण टोपलीत उडी मारायला लागल्या.