दामाजीने निजवलेली बॅटरी

बाळकुमच्या दामाजी कोळ्याने बेचाळिसाव्या वर्षी खाडी सोडली आणि काचा धुवायला लागला. सोडली म्हणजे काय, खाडीत मासळीच राहिली नव्हती. जाळं ओढावं तर चिखल नि प्लास्टिक! ठाण्यात एक नवीकोरी काचेची इमारत उभी राहिली होती, तिथे शहाण्णवच्या दिवाळीत तो हंगामी म्हणून चिकटला.

लांब दांडीचा ब्रश, पाण्याची टाकी, पंप आणि हे सगळं चालवणारी बॅटरी, अशी एक ढकलगाडी त्याच्या ताब्यात आली. रोज संध्याकाळी तो बॅटरी चार्जिंगला लावायचा, बुचं उघडून आतलं पाणी बघायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा. घरीसुद्धा तिचंच कौतुक. बायको आवडाबाई वैतागून म्हणायची, "तिलाच घरी घेऊन ये, मी जाते म्हायेरी!"

जून आला. पावसात काचा कोण धुतो? अडीच महिने गाडी बंद, असा हुकूम निघाला. बॅटरीचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. सोबत आलेलं इंग्रजी पुस्तक त्र्यंबकरावांच्या खणात पडलेलं, आणि त्र्यंबकराव म्हणजे ऑफिसचे मोठे साहेब, त्यांना विचारणार कोण? मग दामाजीने बापाने शिकवलं तेच केलं. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढायची, तर आधी आतलं सगळं पाणी उपसून टाकायचं. त्याने पंप चालू ठेवून बॅटरी पार रिकामी केली, वायरी सोडवल्या, टोकांना ग्रीस चोपडलं, गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेवली. वर म्हणाला, "नीज आता नारली पुनवेपर्यंत."

नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ दिला, दुसऱ्या दिवशी गाडीला. वायरी जोडून बॅटरी दिवसभर चार्जिंगला लावली, हळदकुंकू वाहिलं, बटण दाबलं. पंप हूं नाही की चूं नाही. पुन्हा रात्रभर चार्जिंगला लावली, तरी ढिम्म!

दामाजी घाबरला, त्याला कारणही होतं. त्याला कायम करायचा कागद त्याच आठवड्यात त्र्यंबकरावांच्या टेबलावर होता. सामान बिघडवल्याचा शेरा पडला की कागद माघारी, आणि दामाजी पुन्हा त्या मेल्या खाडीवर.

गाडी विकणाऱ्यांचा मेकॅनिक मारुती आला. त्याने बॅटरी तपासली आणि त्र्यंबकरावांच्या खोलीत येऊन सरळ सांगून टाकलं, "साहेब, मालच खराब आलाय. तसं लिहून द्या, नवीन बदलून मिळेल. खल्लास!"

सुटलो, असं दामाजीला वाटलं. अगदी मनापासून वाटलं, खोटं कशाला बोला! तो दारापर्यंत गेलासुद्धा. पण इतके महिने जिला पुसली, तिच्या नावाने असं काही लिहायचं? ते त्याच्या घशाखाली उतरेना. तो परत फिरला.

"सायेब, बॅटरी चांगली व्हती. मीच तिला रिकामी करून निजवली. आमी पावसाल्यात होरी रिकामी करतो तशी."

मारुतीने कपाळावर हात मारला. "अरे बाबा, बॅटरी भरून ठेवायची असते! आणि बंद असली तरी महिन्याला चार्ज करायची. रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्या मरतात."

त्र्यंबकरावांनी खण उघडून ते पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि पानं चाळू लागले. एका पानावर थांबले. बराच वेळ वाचत राहिले.

"हे सगळं इथं लिहिलंय, दामाजी," ते म्हणाले. "इतके महिने माझ्या खणात होतं. तुम्हाला मराठीत सांगणं माझं काम होतं. मी उघडूनसुद्धा बघितलं नाही."

"नाय सायेब, तुमचा काय..."

"थांबा."

त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: देखभालीच्या सूचना कामगाराला दिल्या गेल्या नाहीत, त्यामुळे बॅटरी निकामी झाली, जबाबदारी माझी. खाली स्वतःची सही केली. मग दामाजीचा कागद घेतला, शेऱ्याच्या रकान्यात 'काम समाधानकारक' लिहिलं आणि त्यावरही सही केली.

दामाजीने आजवर साहेबांच्या चुका निस्तरणारी माणसं पाहिली होती. आपली चूक अशी कागदावर मांडणारा साहेब हा पहिलाच. तो त्या सहीकडे बघतच राहिला आणि आभार मानायचंच विसरला. आपण कायम झालो, हे त्याच्या ध्यानात आलं ते घरी पोचल्यावर, आवडाबाईने विचारलं तेव्हा.