जुन्या कम्प्युटरचे काका

“काऊन घाई करता ताई? मशीन का पळून जाते?” असं म्हणत काका आधी खिशातून रुमाल काढायचे, सावकाश चष्मा पुसायचे आणि मगच स्क्रूड्रायव्हरला हात लावायचे. दुरुस्तीवाले तुम्हीही पाहिले असतील. “हे जुनं झालं, नवीन घ्या,” हे बहुतेकांचं पहिलं वाक्य. काकांच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नाही.

आदिलाबादच्या बसस्टँडमागे माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. कम्प्युटर नवऱ्याने घेतलेला. तो गेल्यावर दुकान मीच चालवू लागले. मराठीचे जुने फॉन्ट त्या एकाच मशीनवर होते आणि त्यांची सीडी केव्हाच हरवली होती. ऐन लग्नसराईत हार्ड डिस्क टकटक वाजू लागली.

मी घाबरून ऑनलाइन एसएसडी, म्हणजे नव्या जातीची वेगवान डिस्क, मागवली. बोटभर लांबीची पट्टी आली. काकांनी ती उलटसुलट पाहिली.

“चीज चांगली हाये, पण तुमच्या मशीनमंदी हिले बसायले जागाच नाई. ही एनव्हीएमई, नव्या बोर्डावरची. आपल्याले साटावाली पायजे, चपट्या डबीसारखी. जुन्या डिस्कच्याच वायरी तिले लागते.”

“मग ती हळू चालेल?”

“या पट्टीपेक्षा हळू. तुमच्या आताच्या डिस्कपेक्षा लय जोरात.”

पट्टी परत गेली, डबी आली. पण सगळं नव्याने टाकलं तर फॉन्ट जातील, ही माझी धास्ती.

“नव्यानं टाकतच नाई. तहसीलमंदी जमिनीच्या कागदाची नक्कल काढते ना, तशी पुऱ्या डिस्कची नक्कल उतरवू.”

नक्कल उतरताना जुनी डिस्क मधेच अडायची, पुन्हा सुरू व्हायची. काका स्टुलावरून हलले नाहीत, जेवायलाही गेले नाहीत. चारच्या सुमारास पडद्यावर नवऱ्याने केलेले फोल्डर दिसले, नावातल्या त्याच्या चुकांसकट. मी पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव वाचत गेले. काकांनी तोंड फिरवलं आणि बराच वेळ कॅबिनेटवरची धूळ पुसत राहिले.

पुढे त्यांचा हात थरथरू लागला. बारीक स्क्रू धरवेना. मुलगी त्यांना हैदराबादला घेऊन गेली. माझ्या समोरच्याच त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात.

सुरुवातीला काका दर आठवड्याला फोन करून मशीनची खुशाली विचारायचे. मग फोन विरळ झाले. परवा आला, तेव्हा आवाज फार बारीक होता.

“बरं वाटते का तिकडे, काका?”

“पोरगी लय करते. घर चांगलं हाये. पण खिडकीतून काईच आयकू येत नाई.” मग म्हणाले, “ताई, तुमी बोलू नका. फोन तसाच काउंटरवर ठेवा.”

मी ठेवला. बाहेर भाजीवाली मराठीत मेथीचा भाव सांगत होती, ऑटोवाले तेलुगूत भांडत होते, शेजारचे शिंपीचाचा उर्दूत कुणाला तरी समजावत होते. दहा मिनिटांनी मी फोन कानाला लावला. पलीकडून आवाज नव्हता, पण फोन चालू होता.

मी तो हळूच पुन्हा खाली ठेवला, या वेळी दाराच्या अगदी जवळ.