आयसीयूतल्या आईची वेणी

मैत्रिणींनो, रामदासपेठेतल्या दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहितेय. आठ दिवसांपूर्वी आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ती अजून शुद्धीवर नाही. आज सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, आता फार आशा ठेवू नका.

बाबा आयसीयूबाहेर खुर्चीवर बसले होते. "डॉक्टर काय म्हणून राहिले वं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

मग मला पाच मिनिटं आत सोडलं. आईचे केस कमरेपर्यंत आहेत. झोपून झोपून त्यांचा पार गुंता झाला होता आणि ते कापावे लागतील, असं काल कानावर आलं होतं. आज बघते तर नीट घातलेली वेणी!

"मीच घातली ताई," तिथली सिस्टर हळूच म्हणाली. "ड्यूटी संपल्यावर सोडवत बसली होती. मायचे केस कापायले मन नाही झालं."

बाहेर येऊन बाबांना सांगितलं, तेव्हा आठ दिवसांत पहिल्यांदा ते रडले. म्हणाले, "देव आहे वं आत, तिच्याजवळ."

मला इतक्या सहज तसं म्हणता येत नाही. मी देवाकडे आईचा जीव मागितला होता. पण ती वेणी हातात धरून उभी होते, तेवढा वेळ मला एकटं वाटलं नाही, हेही खरं आहे.

देवाचं तिच्या केसांकडेसुद्धा लक्ष आहे, तर मग तो तिला उठवत काहून नाही? तुमच्यापैकी कुणी हा प्रश्न त्याला विचारलाय का?