शालनची म्हैस आणि माझा मोबाईल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही — आणि ते तर माझी प्रत्येक फजिती चवीनं ऐकतात. एकदा मी मोबाईलमध्ये बघून म्हशीला औषध सांगितलं. हसलात? हसा. फजिती एवढीच असती तर मीही हसले असते.

तेव्हा मी साठीची, म्हणजे पोरच. अक्कल यायची होती. मोबाईल नवा, आणि गल्लीत "मोबाईलवाली काकू" म्हणून माझा तोरा असा, की विचारू नका! पन्हाळ्याची गाडी कधी सुटते, पोळी फाटू नये म्हणून काय करावं, दुखऱ्या गुडघ्याला काय चोळावं — सगळ्याला माझी एकच जागा, व्हिडिओ. वाचायचा कंटाळा. आणि खरं-खोटं कसं ठरवायची ही शहाणी? जो जास्त लोकांनी बघितला, तो खरा. जोतिबाच्या डोंगरावर गर्दी देवापुढं असते, कबूल. पण जत्रेतल्या पाळण्यापुढंही असतेच की!

तर शालन, माझी शेजारीण. तिची म्हैस रोज संध्याकाळी दूध कट्ट्यावर जायची. गिऱ्हाइकासमोर धार काढायची, फेसासकट ग्लास हातात द्यायचा. घर त्या धारेवर चालायचं. एका सकाळी म्हशीचं पोट फुगलं. शालन नृसिंहवाडीला गेलेली, घरात नवी सून रेखा एकटी. ती डॉक्टरांना फोन लावत होती. मी म्हणाले, "थांब गं. डॉक्टर कशाला? मी बघते की."

बघितलं. काळा चष्मा घातलेला कुणी एक पावणा सांगत होता — मुंडी वर करा, जीभ बाहेर ओढा, तेलाची अख्खी बाटली एका दमात ओता. त्याच्यापुढं म्हैस नव्हतीच, गाय होती. तेही मला दिसलं होतं.

रेखानं विचारलं, "काकू, ह्ये डॉक्टरच सांगत्यात न्हवं?"

"व्हय, जनावरांचा डॉक्टरच हाय," मी म्हणाले. का म्हणाले? "मला ठाऊक न्हाई" म्हणायला काय जात होतं? तोरा जात होता, दुसरं काय.

मी उंबऱ्यावरून सांगत गेले, ती करत गेली. म्हशीला असा ठसका लागला — अजून ऐकू येतो. रेखानं घाबरून फोन लावलाच, पण दुपारी डॉक्टर आले तेव्हा म्हैस आडवी पडली होती. तेल फुफ्फुसात गेलंय म्हणाले. म्हैस वाचली नाही.

पण माझी कबुली म्हशीची नाही. ती इथून पुढं आहे.

शालन परतली, आधी गोठ्यात गेली. मग सुनेवर तुटून पडली. "काकूंनी सांगिटलं तसंच केलं," रेखा म्हणाली. शालन माझ्याकडे वळली. आणि मी — तोंडातून किती सहज निघालं बघा — मी म्हणाले, "मी मुंडी सरळ ठेव, थोडं थोडं पाज म्हटलेलं. हिनं घाई केली."

मुंडीचं मला कुठून सुचलं? डॉक्टर नुकतेच तसं बोलून गेले होते. त्यांचंच वाक्य उचललं आणि त्या पोरीवर टाकलं. रेखानं माझ्याकडे बघितलं. भांडली असती तर बरं झालं असतं — नुसतं बघितलं. त्यानंतर शालननं तिला कधी जनावराला हात लावू दिला नाही. "हिच्या हाताला यश न्हाई," हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी ऐकायचे. चहा प्यायचे.

आता मला शोधता येतं. दवाखाना नकाशात, पोळी व्हिडिओत, आजार शिकल्या-सवरलेल्यांनी लिहिलेल्या पानावर — आणि लिहिणारा कोण, हे आधी. कुणी विचारलं नि मला ठाऊक नसलं, तर "न्हाई" म्हणते. एवढंसं शिकायला एक म्हैस आणि एक सून लागली.

गेल्या महिन्यात त्यांच्या नव्या म्हशीचं रेडकू फुगलं. रेखाच धावत आली. मी आधी डॉक्टरांना फोन लावला. ते येईपर्यंत पशुवैद्यांनी लिहिलेलं पान उघडून तिला मोठ्यानं वाचून दाखवलं — तोंडातून काही पाजायचं झालं तर मान सरळ, थोडं थोडं, जीभ ओढायची नाही. ऐकता ऐकता तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. बोल बाई, एकदाचं बोल.

संध्याकाळी रेडकू उभं राहिलं. रेखा माझ्या दारात आली, ओले हात पदराला पुसत म्हणाली —

"काकू, तवाबी तुम्ही ह्येच सांगिटलं असणार. माझ्याच डोस्क्यात उलटं ऱ्हायलं बघा."