पापणी न मिटणारा डोळा

मल्हाररावांनी उभं आयुष्य चांगल्या माणसांची भुतं करण्यात घातलं. जुन्या सिनेमातली भुतं. दुसऱ्या ग्रहावरनं आलेली, अंगावर खवलं असलेली, कातड्याखाली कायतरी वळवळणारी. बसवनगुडीत त्यांच्या घरामागं पत्र्याची खोली व्हती. तिथं प्लास्टरचे साचे, रबराचे मुखवटे आन् केसांच्या जुड्या पडलेल्या असायच्या. मी वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. त्यांच्या घराण्याला बेंगळूरात येऊन साडेतीनशे वर्सं झालेली, त्यामुळं मराठीत कन्नड कालवलेलं. माझी गडहिंग्लजकडची बोली ऐकून म्हणायचे, "अरे, तू बोलतोस ते कानाला बरं लागतं. आमचं सांबार झालंय."

ऐतवारी ते इंग्रजी भुताटकीचे जुने विज्ञानपट लावायचे आन् मधीच थांबवून शिकवायचे. "हे बघ, छाती फुगतेय ना? आत फुगे आहेत. टेबलाखाली एक माणूस पालथा पडून नळीतनं फुंकतोय. आन् रबर कुठं संपतं, कातडं कुठं सुरू होतं, दाखव बघू."

मला दिसायचं न्हाई.

"कड दिसली की भूत मेलं. म्हणून तिथं ईसबगोल भिजवून फासायचं. बुळबुळीत जागेवर नजर ठरत नाही."

पुढं भुतं कॉम्प्युटरात गेली आन् मल्हारराव रिकामे बसले. मग एका डॉक्टरनं त्यांच्याकडं माणसं धाडायला सुरुवात केली. कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा कान. त्यातच प्रमोदिनी आली. जयनगरच्या एका शाळेत तिसरीला शिकवायची. करोनानंतर काळ्या बुरशीनं तिचा डावा डोळा पापण्यांसकट नेलेला. दोन वर्सं घरी काढली. आता शाळा म्हणत व्हती, जूनपासनं या. तिला वर्गच पायजे व्हता, दुसरं काय न्हाई.

"पोरं भ्यायला नकोत, एवढंच करा अण्णा," ती म्हणाली.

"मी आजवर पोरांना भ्यायलाच लावलंय अक्का. उलटं करून बघतो."

दोन महिने ते राबले. सिलिकॉनची पापणी, सुईनं एकेक करून रोवलेला केस, गालावरचा तीळसुदीक. इथं अंधार न्हाई, ईसबगोल न्हाई. दुपारच्या उजेडात हातभर अंतरावरनं माणूस बघणार. डोळा चष्म्याला जोडून बसवला, तवा सावित्रीबाई चहा घेऊन आल्या. नवऱ्याच्या कामाचं त्यांनी कधी कौतुक केलेलं न्हाई. तिच्याकडं बघून म्हणाल्या, "कुठला खोटा?"

मल्हारराव त्या दिवशी दोनदा जेवले.

शाळा सुरू झाली आन् आठ दिवसांनी प्रमोदिनी परत आली. डोळा रुमालात गुंडाळून आणलेला.

"कड दिसत नाही अण्णा. पण मिटत नाही ना. पोरं पाढे म्हणायचे सोडून त्याच्याकडंच बघत बसतात. एक मुलगी म्हणाली, मिस, तुम्ही झोपता तवा हा काय बघतो?"

मल्हाररावांनी रुमाल उलगडून डोळा उजेडाला धरला. मग हळूच म्हणाले, "सिनेमात आम्ही कानामागनं दोरा काढायचो. खुर्चीखाली माणूस बसायचा, त्यानं ओढला की पापणी मिटायची."

"आमच्या खुर्चीखाली कोण बसणार? हेडमास्तर?"

तरी त्यांनी सोडलं न्हाई. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हेलपाटे घालून नखाएवढी मोटर बसवून आणली. पापणी मिटायची, पर बारीक घूं घूं वाजायची. आन् उजव्या डोळ्याशी मेळ बसायचा न्हाई. हा उघडा, तवा तो मिटलेला. पत्र्याच्या खोलीत तिनं लावून दाखवला.

"ही तर डोळा मारतेय," सावित्रीबाई म्हणाल्या.

प्रमोदिनीच आधी हसली. "आठ वर्सांच्या पोरांना डोळा मारणारी मिस. सरी, चालतंय की." मग आम्ही सगळे हसलो. हसू सरलं. मोटर घूं घूं करत राहिली. मल्हाररावांनी ती बंद केली, तीबी तिसऱ्या खेपेला, कारण बटण बोटाला सापडंना.

"अजून स्वल्प वेळ दे," ते म्हणाले.

"वेळ शाळेनं द्यायचा अण्णा."

शाळेनं दिला न्हाई. पोरांचे आईबाप तक्रार करत व्हते. तिला दाखले लिहायला बसवलं, कोपऱ्यातल्या टेबलावर, भिंतीकडं तोंड करून. मल्हाररावांनी आणखी दोन पापण्या केल्या. एक जड झाली, दुसरी अर्ध्यात अडकली. मग त्यांनी करायचं थांबवलं.

डिसेंबरात प्रमोदिनीच्या भाचीचं, अक्षराचं लग्न झालं. तिथं पहिलाच डोळा लावून काढलेला आपला फोटो तिनं मल्हाररावांच्या फोनवर धाडला. जरीची साडी, गजरा, दोन्ही डोळे उघडे. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा मोठा करत नेला. गालापाशी, नाकापाशी, पापणीच्या मुळाशी. अर्धा तास कड शोधली. सापडली न्हाई. त्यांच्या हातनं एवढं चांगलं काम आधी कधी झालेलं नव्हतं.

सावित्रीबाईंनीबी बघितला. "अहो, मग शाळेत हा दाखवा की. वर्ग परत द्या म्हणावं."

"काय म्हणू? हिला फळ्यासमोर अशीच फोटोसारखी उभी करा?"

त्यांनी फोन उताणा ठेवला आन् काचेवरचा बोटाचा डाग धोतरानं पुसत बसले.