रंगवलेली काकडं

शेवळाच्या भाजीत काकडं घालावी लागतात हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. माझं माहेर नवलाख उंबरे. आता आमच्या बांधाला लागून कंपन्यांच्या शेडी उभ्या आहेत, पण माझ्या लहानपणी मृगाच्या आगेमागे घरी शेवळं, म्हणजे पहिल्या पावसात उगवणारे रानकोंब, यायची. काकडं म्हणजे बोराएवढी हिरवी आंबट फळं. आई ती ठेचून त्यांचं पाणी भाजीत घालायची. काकडं नसली तर शेवळं घशाला अशी खाजतात की जीभ उपटून टाकावीशी वाटते. हे सगळं ठाऊक असून मी जे केलं, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

लोणावळ्यातल्या एका बालवर्गात मी शिकवते. चार-पाच वर्षांची मुलं. कुणाचे वडील रेल्वेत, कुणाचे हॉटेलात, कुणाचं चिक्कीचं दुकान. गेल्या वर्षी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, दर शुक्रवारी निसर्गाचा तास ठेवला. मुलांनी माती, पानं, बिया हाताळाव्यात, घरीही काहीतरी उगवताना बघावं, असा बेत होता. मी खेड्यातली म्हणून तो तास माझ्या गळ्यात पडला. पहिल्याच शुक्रवारी मी पुठ्ठ्यावर पानं चिकटवून नेली. मुलं पाच मिनिटांत एकमेकांच्या पाठी लागली.

शाळेच्या कोपऱ्यावर एक मावशी रानभाज्या घेऊन बसायच्या. वर डोंगरातल्या ठाकरवाडीतून यायच्या. पुढच्या शुक्रवारी मी त्यांना वर्गात बोलावलं. त्यांनी खाली फतकल मारली आणि टोपली सरळ मुलांच्या मधोमध पालथी केली.

"लांबून काय बघताय? हातात घ्या की," त्या म्हणाल्या.

मुलांनी घेतलं. चुरगळलं, हुंगलं, एकाने तर चाटलं. टाकळ्याची डहाळी दाखवून मावशी म्हणाल्या, "ह्यो टाकळा सांजच्याला पानं मिटून झोपतोय. घरला गेल्यावर भिंतीकडंला बघा, कुटं बी असतोय."

सोमवारी एक मुलगी वर्गात शिरल्या शिरल्या मला सांगू लागली की टाकळा खरंच झोपला, बाबांना पण दाखवला. मग ती रोज सांगू लागली. तिच्या आईने मला गेटवर थांबवून विचारलं, "अहो, हे टाकळा काय प्रकरण आहे? अंधार पडायला लागला की ही आम्हाला खाली ओढत नेते." मुलं मावशींना भाजीआजी म्हणू लागली. मला आनंद झाला, पण खरं सांगायचं तर थोडं टोचलंही. पुठ्ठा माझा होता आणि मुलं त्यांची झाली होती.

तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी शेवळं आणली. जमिनीतून सरळ वर येणारे ते जांभळट कोंब बघून मुलं हरखली. ठरलं असं, की मी भाजी करून शनिवारी डब्यातून आणायची आणि प्रत्येकाने एकेक घास चाखायचा. जाताना मावशींनी जुडीबरोबर काकडांचा पुडा माझ्या हातात दिला.

"बाई, ही संगं घाला बरं का. न्हाईतर घसा धरतोय."

"मावशी, मला शिकवता? उंबऱ्याची लेक आहे मी," मी म्हणाले.

हसत म्हणाले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. आम्हा जमीनवाल्यांच्या घरात वाडीवरच्या माणसाशी बोलताना एक ताठा आपोआप वर येतो. तोच बोलला.

त्या गेल्यावर मुलांनी काकडांचा पुडा उघडला. हिरव्या गोट्याच त्या. मला वाटलं, चला, मोजायला झाली, रंगवायला झाली. प्रत्येकाला दोन-दोन दिली. कुणी लाल केली, कुणी निळी, आणि शाळा सुटल्यावर सगळी काकडं घरोघर गेली.

संध्याकाळी कुसगावला घरी पोचले तेव्हा भाजीसाठी काकडं उरलीच नाहीत हे माझ्या लक्षात आलं होतं. शनिवारी पहाटे कढई चढवताना तर चांगलंच लक्षात होतं. मावशी कोपऱ्यावर अजून आल्या नसतील, हे एक कारण. दुसरं कारण खरं होतं. उंबऱ्याच्या लेकीने आता कुठल्या तोंडाने काकडं मागायची? मी चिंचेचा कोळ घातला. आंबट ते आंबट, असं स्वतःला बजावलं. शनिवारचा उपवास, त्यामुळे चवही बघितली नाही.

पोळीच्या सुरळीत एकेक घास दिला. दोन मिनिटांत एकजण रडायला लागला, मग सगळा वर्ग. टाकळावाली मुलगी तर फ्रॉकने जीभ पुसत होती. गूळ दिला, ताक आणून पाजलं. तासाभरात बहुतेकांचं थांबलं. एकाचे ओठ सुजले, त्याला डॉक्टरांकडे नेलं आणि संध्याकाळपर्यंत तोही बरा झाला. पण शाळा सुटायच्या आधीच पालक गेटवर जमले होते.

मोठ्या बाईंनी त्यातल्या काहींना वर ऑफिसात बोलावलं आणि मला सगळ्यांसमोर विचारलं, "भाजी कुणाची होती?"

भाजी केली कुणी, असं त्यांनी विचारलं नाही. मी म्हणाले, "कोपऱ्यावरच्या मावशींची."

एवढंच. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्या लोकांचा काय भरवसा, काहीही उपटून आणतात." मी मान डोलावली.

त्याच वेळी मला खिडकीतून मावशी दिसल्या. शनिवारी त्या कधी वर्गात येत नसत. हातात पळसाच्या पानाचा एक पुडा होता. वॉचमनने त्यांना बाहेरच्या बाहेर अडवलं. गेटवरचे दोन पालक त्यांच्याकडे बोट दाखवून मोठ्याने बोलू लागले. त्या पुडा पदराआड घेऊन निघून गेल्या. मी खाली गेले नाही. पायऱ्या अवघ्या बारा आहेत.

नंतर बाहेरची माणसं आणि बाहेरचं खाणं शाळेत बंद झालं. मावशींची कोपऱ्यावरची जागाही गेली, कारण पालकांनी त्यांच्याकडून घेणंच सोडलं. निसर्गाचा तास चालू राहिला. मी मनीप्लांटच्या कुंड्या आणल्या.

श्रावणात मुलांना शाळेमागच्या मैदानात नेलं. टाकळ्याला पिवळी फुलं आली होती. मी त्या मुलीला हाक मारली, म्हटलं, बघ तुझा टाकळा. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"रानातल्याला हात लावायचा नाही. जीभ जळते. ती आजी वाईट आहे."

"आजी वाईट नाही गं."

"मग काय झालं होतं?"

मी म्हणाले, "चला, रांग करा."

पाच वर्षांच्या पोरीने सरळ प्रश्न विचारला आणि मी रांग करायला लावली. त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता जुनं उकरून काय करायचं? पालक परत भडकतील." मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच जास्त लाज वाटली. ती मुलगी यंदा मोठ्या शाळेत पहिलीला गेली. तिच्या लेखी भाजीआजी अजून वाईटच आहे.

यंदा शेवळं निघाल्यावर मी मावशींना शोधलं. कुसगावच्या रस्त्याला एका बंद टपरीच्या आडोशाला बसल्या होत्या. मी समोर उकिडवी बसले आणि एका दमात सांगून टाकलं, की काकडं मुलांना रंगवायला दिली, भाजीत घातलीच नाहीत, आणि बोल तुम्हाला लागला.

"ठाव हाय," मावशी म्हणाल्या. "शुक्करवारी पोरं घरला निगाली तवा समद्यांच्या हातात लाल-निळी काकडं व्हती. म्हनलं, बाईनी समदी वाटली, आता भाजीत काय घालत्याल? म्हनून शनवारी दुसरी घिऊन आलते."

त्या पुड्यात काकडं होती. डोंगर उतरून त्या तेवढ्यासाठी आल्या होत्या.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? एवढे लोक तुम्हाला बोलत होते."

"मला इचारलं कुनी?"

मावशींनी शेवळांची एक जुडी माझ्या पिशवीत घातली, वर काकडांचा पुडा ठेवला, आणि ती कशी ठेचायची, पाणी कधी घालायचं, किती उकळू द्यायचं, हे पहिल्यापासून सांगायला लागल्या. या वेळी मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.